एक औषध, दोन निकाल

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजीही गेले. दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने हे रुग्णालय उभं केलं. शस्त्रक्रियेची सोय होती, क्ष-किरण होते, रेडियम होतं. लिम्फोमाच्या, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाला खात्रीने द्यावं असं औषध मात्र परळला नव्हतं, आणि लंडन-न्यूयॉर्कलाही नव्हतं. गळ्यातली, काखेतली, जांघेतली गाठ किरणांनी विरायची आणि काही महिन्यांनी दुसरीकडे उगवायची. रोग अंगभर फिरणारा आणि उपाय एका जागेपुरता, अशी ती अडचण होती.

औषध आलं ते युद्धातल्या विषातून. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने मेलेल्या सैनिकांची शवं उघडली तेव्हा त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या आणि लसीका ग्रंथी झिजलेल्या आढळल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने येल विद्यापीठातल्या लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन या दोघांकडे याच कुळातल्या नायट्रोजन मस्टर्डचा अभ्यास सोपवला. वायूवर उतारा शोधायचा होता. या दोघांच्या मनात उलटा विचार आला: ज्या विषाने निरोगी ग्रंथी झिजतात, त्याने रोगट ग्रंथी का झिजू नयेत? उंदरांवर प्रयोग झाला, गाठी विरघळल्या.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी न्यू हेवनमध्ये पहिल्या माणसाला ते औषध टोचलं. वैद्यकाच्या इतिहासात त्याची ओळख जे. डी. एवढीच. वय ४८, पोलंडहून आलेला कामगार. जबड्याखालच्या गाठीने त्याला धड गिळता येत नव्हतं, मान वळवता येत नव्हती. किरणांचा उपयोग संपला होता. रोज एक याप्रमाणे दहा मात्रा दिल्या. गाठी विरल्या, माणूस जेवू लागला. महिन्याभरात त्या परत आल्या. दुसऱ्या फेरीत औषधाने थोडी साथ दिली, तिसरीत जवळजवळ नाहीच. १ डिसेंबर १९४२ रोजी तो वारला.

केमोथेरपीचा जन्म म्हणून ही हकिकत पुष्कळदा सांगितली जाते. मला तिचा उत्तरार्ध जास्त मोलाचा वाटतो. औषध तेच, माणूस तोच, हात तोच. ऑगस्टमध्ये जे लागू पडलं ते नोव्हेंबरमध्ये पडेना. बदललं काय होतं? गाठीतल्या पेशी. त्या पेशींत नेमकं काय होतं हे वाचता येईपर्यंत जवळजवळ साठ वर्षं गेली, आणि वाचता आल्यावरही त्याचा उपयोग करून घेणं वाटलं होतं त्याहून अवघड निघालं.

युद्धकाळातली गुप्तता उठल्यावर १९४६ मध्ये गुडमन-गिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६७ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. (याच मस्टर्ड वायूच्या चाचण्या ब्रिटिशांनी रावळपिंडीला शेकडो हिंदी सैनिकांवर केल्या होत्या. औषधाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.) मग एकापाठोपाठ एक औषधं सापडत गेली. मस्टर्डचाच सौम्य केलेला वंशज सायक्लोफॉस्फामाइड. आपल्या अंगणात बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीपासून काढलेलं व्हिन्क्रिस्टीन. इटलीतल्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं डॉक्सोरुबिसिन, ज्याला आपल्याकडचे पेशंट नुसतं ‘लाल औषध’ म्हणतात. जोडीला प्रेडनिसोन हे स्टेरॉइड. १९७० च्या दशकात या चौघांची मोट बांधली गेली. तिचं नाव चॉप. भराभर वाढणाऱ्या लिम्फोमाचे बरेच रुग्ण त्याने कायमचे बरे होऊ लागले, म्हणून तीन आठवड्यांनी एक अशी चॉपची सहा-आठ सायकल्स जगभर रूढ झाली. बरेच, पण सगळे नव्हेत.

बाकीच्यांचं काय, याचं पहिलं उत्तर सरळ होतं: औषधं वाढवा. १९८० च्या दशकात सहा-सहा, आठ-आठ औषधांच्या मोटी आल्या. शेवटी अमेरिकेत ८९९ रुग्णांवर चॉप आणि तीन जालीम मोटी यांची थेट तुलना झाली. १९९३ मध्ये निकाल लागला, आणि तो अनेकांना पचायला जड गेला. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण चारही गटांत सारखंच, निम्म्याच्या आसपास. जाच मात्र चॉपचा सर्वांत कमी. म्हणजे ज्यांना चॉप लागू पडत नव्हतं, त्यांना मारा वाढवूनही फारसं काही लागू पडत नव्हतं. अडचण औषधाच्या मात्रेत नव्हती, रोगाच्या जातीत होती.

रोगाची जात ओळखणं हे पॅथॉलॉजिस्टचं काम. टाटा मेमोरियलमध्ये पहिल्या दिवसांपासून ते काम डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी घडवलं. भारतातल्या आधुनिक पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. तंबाखू चघळणं आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध त्यांनी मुंबईच्या रुग्णांत तपासला. १९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं केलं. पुण्याच्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट झाल्या. मग त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या कर्करोगाच्या पेशी काचेत अखंड वाढवता येतात हे त्या प्रयोगशाळेने जगाला दाखवलं. परतल्यावर रणदिव्यांनी मुंबईत ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पेशीला शरीराबाहेर जगवून तिला प्रश्न विचारायचे, ही विद्या इथे रुजली ती अशी.

तरीही लिम्फोमाचं वर्गीकरण बराच काळ डोळ्यांच्या भरवशावर चाललं. पेशी लहान की मोठी, पुंजक्यात की सैरावैरा पसरलेली. दर दहा वर्षांनी नवी वर्गवारी यायची आणि जुन्या स्लाइडना नवी नावं मिळायची. बी-पेशी आणि टी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती वेगळ्या ओळखता येऊ लागल्या तेव्हा थोडी शिस्त आली. टाटा मेमोरियलच्या डॉ. के. एन. नरेश, व्ही. श्रीनिवास आणि सी. एस. सोमण यांनी २,७७३ लिम्फोमा नव्या वर्गवारीने पुन्हा तपासले आणि २००० साली निष्कर्ष छापले. नॉन-हॉजकिन लिम्फोमांपैकी सुमारे ३४ टक्के एकाच नावाचे निघाले: डिफ्यूज लार्ज बी-सेल. पाश्चात्त्य देशांत भरपूर आढळणारा मंदगती फॉलिक्युलर प्रकार इथे तुलनेने कमी होता. आपल्याकडे लिम्फोमाची केमो प्रामुख्याने कशासाठी द्यावी लागते, याचा हिशेब इतक्या मोठ्या प्रमाणावर मांडला गेला.

आणि त्याच वर्षी कळलं की ‘एकाच नावाचा’ हा रोग मुळात एक नाहीच.

त्याची तयारी आधीपासून चालू होती. आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यात होणाऱ्या बर्किट लिम्फोमात आठव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, हे १९७० च्या दशकात दिसलं होतं. त्या तुटीच्या जागी ‘मिक’ हे जनुक बसलेलं आहे, हे १९८२ मध्ये कळलं. मिक पेशीला सतत वाढायला लावतं. दोन-तीन वर्षांत फॉलिक्युलर लिम्फोमातल्या अशाच तुटीवर बीसीएल-२ सापडलं, आणि त्याने केमोच्या प्रश्नाची एक बाजू उघड केली. केमोची बहुतेक औषधं पेशीला स्वतः मारत नाहीत. ती तिच्या डीएनएची मोडतोड करतात. एवढी मोडतोड झालेली पेशी मग स्वतःच स्वतःला संपवते. बीसीएल-२ नेमकी तीच आत्मनाशाची क्रिया अडवतं. औषध पोचतं, घाव बसतो, पण पेशी मरायला तयार होत नाही. टीपी५३ नावाचं, मरणाचा हुकूम देणारं जनुक बिघडलं तरी परिणाम तोच.

३ फेब्रुवारी २००० च्या ‘नेचर’मध्ये ॲश अलिझादे या तरुण संशोधकाचं नाव पहिलं असलेला एक निबंध आला. मागे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले लुई स्टाउट आणि स्टॅनफर्डचे पॅट्रिक ब्राउन व डेव्हिड बॉटस्टाइन. त्यांनी काचपट्टीवर जवळजवळ १८ हजार जनुक-खुणांचे ठिपके बसवले होते. गाठीतल्या पेशींत कोणतं जनुक जागं आहे आणि कोणतं झोपलेलं, हे त्या ठिपक्यांच्या रंगांवरून एका दमात वाचता येई. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या गाठी त्या पट्टीवर दोन टोळ्यांत विभागल्या गेल्या. एकीची जनुकं लसीका ग्रंथीच्या गाभ्यातल्या, अजून शिकाऊ बी-पेशींसारखी. हिला जीसीबी म्हणू लागले. दुसरीची, संसर्गाशी लढायला चेतवलेल्या पेशींसारखी, ती एबीसी. पऱ्ह्यात हिरवेगार, एकसारखे दिसणारे दोन जातींचे धान लोंबी धरल्यावरच वेगळे कळतात, तसं हे होतं. लोंबी म्हणजे इथे पाच वर्षांनंतरचा हिशेब. त्यावेळच्या केमोनंतर पहिल्या टोळीतले ७६ टक्के रुग्ण जिवंत होते, दुसरीतले फक्त १६ टक्के.

रुग्ण थोडेच होते, त्यामुळे हे आकडे पुढे इतके टोकाचे राहिले नाहीत. २००२ मध्ये २४० रुग्णांच्या अभ्यासात ते ६० आणि ३५ टक्के असे आले. पण फरक टिकला. एबीसीच्या पेशींत जगण्याचे संदेश देणारी एक साखळी कायम चालू असते, बाहेरून कुणी बटण दाबलेलं नसतानाही; म्हणून केमोचा घाव त्या सोसतात. मग कमीत कमी किती जनुकांवरून भाकीत करता येईल याची जणू शर्यत लागली. एका गटाने सतरा जनुकं सांगितली, दुसऱ्याने तेरा, २००४ मध्ये स्टॅनफर्डने सहा. आश्चर्य हे की या याद्यांत सामाईक नावं फारच थोडी होती.

दवाखान्यापर्यंत यातलं पोचलं ते जनुकं न वाचताच. काचपट्टी महाग, ताजा गोठवलेला तुकडा लागणारी. २००४ मध्ये नेब्रास्काच्या क्रिस्टीन हान्स यांनी मेणाच्या ब्लॉकमधल्या साध्या तुकड्यावर तीन प्रथिनांचे रंग चढवून त्याच दोन टोळ्या ओळखायची युक्ती दिली: सीडी१०, बीसीएल-६ आणि मम-१. ती तंतोतंत नाही. काही गाठी चुकीच्या खान्यात पडतात. पण ती स्वस्त आहे, आणि जुन्या ब्लॉकवरही चालते. आज आपल्याकडच्या अहवालात ‘जीसीबी’ किंवा ‘नॉन-जीसीबी’ असा शेरा असतो, तो बहुधा याच तीन रंगांचा.

दरम्यान औषधच बदललं. बी-पेशीच्या अंगावरच्या सीडी२० या खुणेला चिकटणारं रिटुक्सिमॅब १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. फ्रेंच गटाने ३९९ वयस्कर रुग्णांत नुसतं चॉप आणि रिटुक्सिमॅब जोडलेलं चॉप यांची तुलना केली. २००२ मध्ये छापलेल्या निकालात रोग पूर्ण मावळण्याचं प्रमाण ६३ वरून ७६ टक्क्यांवर गेलं. मूळ औषधाची किंमत भारतात मोजक्याच घरांना झेपणारी होती. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने स्वतःची आवृत्ती बाजारात आणली आणि दार थोडं उघडलं.

या बदलाचा खुणांवर झालेला परिणाम फारसा सांगितला जात नाही. चॉपच्या काळात ज्यांच्या गाठीत बीसीएल-२ भरपूर, त्यांचं औषध हुकायचं. त्याच फ्रेंच रुग्णांत रिटुक्सिमॅब जोडल्यावर हा तोटा बराचसा भरून निघाला. एका औषधासाठी अशुभ असलेली खूण दुसऱ्यासाठी तितकी अशुभ राहिली नाही. जनुकीय खूण पत्रिकेसारखी रुग्णाच्या कपाळी लिहिलेली नसते. अमुक गाठ आणि तमुक औषध या जोडीबद्दल ती बोलते, आणि जोडीतलं औषध बदललं की खुणेचा अर्थ नव्याने तपासावा लागतो.

काही खुणा मात्र रिटुक्सिमॅबलाही पुरून उरल्या. मिक आणि बीसीएल-२ दोन्ही तुटलेल्या गाठींना डॉक्टर ‘डबल हिट’ म्हणतात. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत त्यांना वेगळं घर मिळालं. यांच्या बाबतीत नेहमीची मोट बऱ्याचदा कमी पडते, म्हणून अनेक केंद्रांत जास्त तीव्र उपचार निवडतात. इथे खूण पाहून उपचार खरोखर बदलतो.

मोठी आशा होती ती एबीसीवर. संदेशांची साखळी माहीत, तिच्यावरच घाव घालणारी औषधंही हाताशी. त्यांतलं इब्रुटिनिब एकटं दिलं तेव्हा, उलटलेल्या रोगात, एबीसीतल्या ३७ टक्के रुग्णांत गाठी ओसरल्या होत्या आणि जीसीबीत फक्त ५ टक्क्यांत. मग ते नेहमीच्या मोटीत घालून ८३८ नव्या रुग्णांवर चाचणी झाली. २०१९ मध्ये कळलं की एकंदरीत फायदा नाही: साठीच्या आतल्यांना झाला, वयस्करांना औषधाचा जाच इतका की केमोच अर्धवट राहू लागली. त्याच वर्षी ब्रिटिशांच्या मोठ्या चाचणीत बोर्टेझोमिब या दुसऱ्या औषधाचंही प्राथमिक उत्तर नकारार्थी आलं. विज्ञान बरोबर असून रुग्णाला उपयोग नाही, असा तो काळ होता.

दोनच टोळ्या मानणं हीच चूक असावी, हे एव्हाना दिसू लागलं होतं. २०१८ मध्ये स्टाउटच्या गटाने ५७४ आणि बोस्टनच्या गटाने ३०४ गाठींचा डीएनए वाचून त्यांचे चार-पाच पोटप्रकार पाडले. मग इब्रुटिनिबच्या जुन्या चाचणीतले नमुने पुन्हा उघडले गेले. २०२१ मध्ये छापलेला निष्कर्ष असा: साठ आणि त्याखालच्या वयाच्या, दोन विशिष्ट पोटप्रकारांच्या ज्या रुग्णांना इब्रुटिनिब मिळालं होतं, त्यांच्यापैकी एकाचाही रोग तीन वर्षांत उलटला नव्हता. संख्या लहान, विश्लेषण मागाहून केलेलं, म्हणून डॉक्टर हात राखून बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण अपयशी ठरलेल्या चाचणीच्या पोटात काही जणांचं यश दडलेलं असू शकतं, हे त्यातून दिसलं.

अलिझादे तोवर स्टॅनफर्डमध्ये स्वतःची प्रयोगशाळा चालवत होते. त्यांच्या गटाने २०१८ मध्ये आणखी एक वाट दाखवली: भाकितावर विसंबण्याऐवजी रक्तात फिरणारा गाठीचा डीएनए मोजायचा. पहिल्या सायकलनंतर तो शंभरपट घटला, तर रुग्णाचं पुढचं चित्र बरंच चांगलं. नाही घटला, तर लवकर सावध व्हायचं.

हे झालं गाठीच्या जनुकांचं. पेशंटची स्वतःची, जन्मजात जनुकंही औषधाचा निकाल बदलतात, आणि त्यात आपली माणसं पाश्चात्त्यांहून वेगळी निघाली. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमात महिनोन्‌महिने द्याव्या लागणाऱ्या मर्कॅप्टोप्युरिनच्या गोळ्या काहींच्या रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतात. युरोपात याचं कारण टीपीएमटी हे जनुक, म्हणून तेच तपासायची पद्धत पडली. २०१४ नंतर कळलं की आशियात मुख्य कारण वेगळं, एनयूडीटी१५. दुसऱ्या मुलखाची खूण उसनी आणून चालत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही. आणि लिम्फोमाच्या ज्या गाठींवरून जगाने टोळ्या आणि पोटप्रकार पाडले, त्या बहुतेक अमेरिका-युरोपातल्या रुग्णांच्या आहेत.

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या कोंढ्यासारख्या गावातून निघालेल्या पेशंटपुढे यातलं किती येतं? आधी येतो टीबी. गळ्याच्या गाठी आणि ताप म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय गंडमाळेचा, आणि टीबी इतका आहे की तो संशय वावगाही नाही. पण तुकडा न तपासता गोळ्या सुरू झाल्या तर लिम्फोमाचे मोलाचे महिने त्यात जातात. बारीक सुईने काढलेलं पाणी पोटप्रकार सांगायला पुरत नाही. शक्य तर पूर्ण गाठ काढावी लागते. मग भंडारा, तिथून नागपूर. नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तुकडोजी महाराजांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे (महाराज स्वतः १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले), जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमोची सोय आहे. तीन रंगांची तपासणी मोठ्या केंद्रांत होते. मिक आणि बीसीएल-२ ची तूट पाहणारी फिश तपासणी महाग पडते आणि सगळ्यांची होत नाही. गाठीच्या डीएनएचं पूर्ण वाचन बहुतेकांसाठी अजून संशोधनाच्या पातळीवरच आहे. अहवालात नॉन-जीसीबी लिहिलेलं असो वा जीसीबी, डबल हिट नसेल तर बहुतेकांना मिळते ती चॉप अधिक रिटुक्सिमॅब हीच मोट.

ती हुकलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये एक नवी वाट मंजूर झाली. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे हसमुख जैन, गौरव नरुला यांच्या प्रयत्नातून घडलेली नेक्सकार१९ ही देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत तिचं लोकार्पण केलं. पेशंटच्या टी-पेशी काढायच्या, बी-पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्यांत घालायचं आणि परत सोडायच्या. अमेरिकेत याला कोट्यवधी रुपये पडतात. इथे काही लाखांत होतं, तरी धानाच्या शेतीवर जगणाऱ्या घराला ते लाखही डोंगराएवढेच. परिणाम मात्र चांगला आहे: पहिल्या चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांत रोग ओसरला. काहींत तो पुन्हा उलटतो, आणि उलटलेल्या गाठीत कधीकधी सीडी१९ सापडतच नाही. पेशींनी ती खूणच टाकून दिलेली असते. त्यामुळे रोग परतला की जुन्या अहवालावर न थांबता पुन्हा बायॉप्सी करायची, आणि नव्या तुकड्यात सीडी१९ उरलंय का हे आधी पाहायचं, असं आता डॉक्टर सांगतात.